आप्पाची सही

आमच्या आप्पाला सही मी शिकवली. तवा मी सातवीला हुते. रेशनच्या दुकानात अंगठा, बँकेत अंगठा, माझ्या प्रगतिपुस्तकावर बी अंगठा. वर्गातल्या पोरी हसायच्या. म्हणून एक दिवस पाटीवर ठसठशीत काढून दिलं, 'गुंडा बिरुदेव मासाळ', आणि म्हणलं, "आप्पा, हे रोज धा बार गिरवायचं." मेंढरामागं हिंडत आप्पानं दोन महिने गिरवलं. बँकेत पैल्यांदा सही करून आला तवा माझ्या आईला, आव्वाला, म्हणला, "बसव्वा, आता मला सरकार बी फसवू शकत न्हाय बघ."

सरकारनं न्हाय फसवलं. मी फसवलं. त्या सहीवरच मी माझं पाप लोटलं आणि चार महिने निवांत भाकरी खाल्ली. निवांत कसली म्हणा, घास तोंडात फुगायचा. पण खाल्ली.

झालं ते असं. बारावीला मी सोलापुरात ऱ्हायले. जुळे सोलापूर भागात एका खोलीत पाच पोरी, पाच कॉट. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा क्लास केला, पेपर दिला. मार्क वाईट न्हवते. पण सरकारी कॉलेजची पैली यादी लागली तवा आमच्या कोट्यातल्या शेवटच्या पोराला माझ्यापरास छत्तीस मार्क जास्ती हुते. छत्तीस मार्क म्हंजी नऊ प्रश्न. मी कॉटवर बसून मोबाइलवर यादी खालवर करत हुते. एकदा बघितली, दोनदा बघितली. तेवढ्यात आप्पाचा फोन आला.

"लागलं का गं नाव?"

मागं मेंढरं ओरडत हुती. माणसं बी हुती. आप्पा फोन कानाला लावत न्हाय, तळहातावर धरून बोलतो, सगळ्या शिवाराला ऐकू जातं. मागनं कुणीतरी म्हणलं, "गप रं, पोरगी काय म्हणतीया ऐकू दे की."

मी म्हणलं, "लागलं."

एवढंच. दुसरी यादी यायची हुती, तिसरी यायची हुती. याद्या खाली येतात, असं क्लासातल्या पोरी म्हणायच्या. तवर कशाला समद्यांची तोंडं उतरवायची, असं मी मनाला सांगितलं. मनाचं काय, जे सांगंल ते त्याला पटतं.

याद्या काय नऊ प्रश्न खाली आल्या न्हाईत. नवस मात्र आठ दिवसांत फिटला. पोरगी डागदर झाली तर बिरोबाला बकरा देईन, असं आप्पा मी धाव्वीत असतानाच बोलला हुता. तवापासनं एक बकरा, म्हंजी मेंढाच, देवाच्या नावानं सोडलेला. देवाच्या बकऱ्याला आमच्यात कातर लावत न्हाईत. तीन सालांची लोकर अंगावर घेऊन त्यो कळपात पाटलावाणी मिरवायचा. देवळाफुडं त्यो कापला. गाव जेवलं. मी सोताच्या हातानं वाढलं. आमच्या जोतिरामकाकानं, आप्पाच्या धाकल्या भावानं, स्टँडावर फलक लावला. माझा हा एवढा फोटो, गळ्यात स्टेथोस्कोप आणि खाली 'डॉ. सोनाली गुंडा मासाळ यांचे हार्दिक अभिनंदन'. स्टेथोस्कोप फोटोवाल्यानं कम्प्युटरवर घातला हुता. त्याच्याखाली माझी मान वाकडी दिसायची.

दिवाळीत आप्पानं इचारलं, "कालेज कवा सुरू हुतंय गं?"

मी म्हणलं, "रद्द झालं."

"का?"

तोंडात जे आलं ते मी बोलले. "तुजी सही जुळली न्हाय. कोट्याच्या दाखल्याच्या अर्जावर एक आन हमीपत्रावर एक. दोन सह्या दोन माणसांच्या वाटत्यात म्हणले."

आप्पानं माझ्याकडं बघितलं न्हाय. सोताच्या उजव्या हाताकडं बघितलं. उलटा केला, सुलटा केला. "व्हय," म्हणला. "त्या दिवशी तहसीलात लई घाम आलता मला. पेन सटकत हुतं."

जेवला न्हाय त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी स्टँडावरचा फलक उतरवून आणला आणि कोकरांच्या खोपीवर टाकला, फोटो आतल्या बाजूला करून. तवापासनं डॉक्टरीण फक्त कोकरांना दिसायची.

आणि गावात कुणी इचारायच्या आधी आप्पा सोताच सांगायचा, "पोरीचं न्हाय वो चुकलं. माजी सही चुकली." गिरणीत सांगितलं, देवळात सांगितलं, होटगी टेसनावर चहावाल्याला बी सांगितलं. मी शेजारी उभी असायचे. एकदा बी माझं तोंड उघडलं न्हाय.

---

फाल्गुनात मेंढरांची कातरणी काढली. औंदा पावसानं तोंडाला पानं पुसलेली. ज्वारी आली ती गुडघ्याएवढी, कडबा नावाला. दरसाली कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात बुडवून धुतो, औंदा ओढ्यात धुळीबिगार काय न्हवतं. तशीच मळकी कातरायला घेतली. लोकर इकत घ्यायला आता कोण येत न्हाय, पण उन्हाळ्यात जनावरानं अंगावर घोंगडं घेऊन हिंडायचं कसं?

आप्पा कातरायचा, मी पाय धरायचे, आव्वा लोकर गोळा करायची. मेंढराचं पोट तापलेलं असतं, लोकरीतनं तेलकट घाण वास येतो, हाताला चिकटला की साबणानं जात न्हाय. मला सोलापुरात असताना त्या वासाची आठवण यायची. आता त्योच वास नको वाटायचा, कारण प्रत्येक मेंढरू सोडलं की आप्पा घडीभर उकिडवा बसायचा आणि कातरीच्या टोकानं मातीत सही काढायचा.

"बघ गं. ही बरी झाली का?"

"बरी हाय."

"मगाच्याशी जुळती न्हवं?"

"जुळती."

मग तळहातानं माती सारखी करायचा आणि दुसरी काढायचा. दिवाळीपासनं हे चाललेलं. औषधाच्या खोक्यावर कोळशानं, मोटरसायकलच्या धुळीवर बोटानं, जिथं जागा मिळंल तिथं. एकदा तर नुकत्या कातरलेल्या मेंढराच्या पाठीवर बोटानं काढत हुता. आव्वा हसली, "अय्य, आता काय मेंढरू बी पाठवतूस व्हय कालेजला?" त्यो हसला न्हाय.

दुपारी जोतिरामकाका आला. बांधावर बसला, तंबाखू मळली. माझ्याकडं बघून म्हणला, "काय डॉक्टरीणबाई, माझ्या गुडघ्याला काय तरी सांगा की." हे त्याचं रोजचं हुतं. मी मेंढराचे पाय आवळून धरले.

मग आप्पाला म्हणला, "दादा, एक बोलू का? राग धरू नगं."

"बोल की."

"माजी तीन कोकरं गेली ह्या महिन्यात. हरिबा पुजाऱ्याची दोन. ओढा आटला. गाव काय म्हणतंय ठावं हाय का?"

"काय म्हणतंय?"

"न झालेल्या कामाचा बकरा देवाला चारला म्हणतंय. देव काय भिकारी हाय का, म्हणतंय." काकानं तंबाखू तोंडात टाकली. "ऐतवारी हरिबानं बलावलंय तुला. भंडारा उचलायचा आन चूक कुणाची ती चारचौघांत बोलायची. मग त्यो नवस मोकळा. त्याबिगार दुसरा बांधता येत न्हाय."

"उचलतो की," आप्पा म्हणला. "चूक माजी हाय, बोलायला कसली लाज?"

माझ्या हातातनं मेंढराचा पाय सुटला. त्यानं लाथ मारली, माझ्या नडगीला बसली, आणि मला बरंच वाटलं.

आमच्यात भंडारा म्हंजी नुसती हळद न्हवं. भंडारा हातात घेऊन खोटं बोललं तर ते घरावर उलटतं, कळपावर उलटतं. कोर्टात धडाधडा खोटं बोलणारी माणसं आमच्या गावात हायती, पण भंडाऱ्याला हात लावायचं म्हणलं की त्यांची जीभ टाळूला चिकटते. आणि माझा आप्पा ऐतवारी सगळ्या गावाफुडं, त्याला ठाऊक बी नसताना, माझं खोटं सोताच्या हातात घेऊन उभा राहणार हुता.

बोलायचं हुतं मला. तिथंच, त्या लोकरीच्या ढिगाफुडं. तोंड उघडलं बी. आणि आप्पाचा फोन वाजला.

आमच्या कॉलेजातले पंचाक्षरी सर हुते. आप्पानं फोन तळहातावर धरला. "नमस्कार गुंडाप्पा. सोनालीचा नीटचा फॉर्म भरला ना? रविवारी शेवटची तारीख आहे."

"फारम? फारम अजून निगाला न्हाय म्हणत हुती की वो पोरगी."

"अहो, महिना होत आला निघून. मी तिला तीन वेळा मेसेज केलाय. उत्तरच नाही तिचं."

आप्पानं "बरं, बरं सर" म्हणलं. फोन खिशात घातला. माझ्याकडं बघितलं.

"मला न्हाय भरायचा," मी म्हणलं.

"का?"

"परत न्हाय लागलं तर?"

"तर मेंढरं हायतच की. ती काय पळून चाललीत?" कातर उचलून त्यानं मातीतल्या सहीकडं दाखवलं. "आन हेचं म्हणशील तर आता चुकत न्हाय. चार महिने झाले, एक दिवस खाडा न्हाय माजा. आता जलमात चुकत न्हाय बघ."

त्याला वाटलं मी त्याच्या सहीला भिते. आव्वा डोक्यावर लोकरीचं गाठोडं घेऊन उभी हुती, ती म्हणली, "भर गं बाई. किती जीव टाकतोय त्यो." जोतिरामकाका सुदिक म्हणला, "भर भर, फलक अजून चांगला हाय, परत लावू."

मी मान हलवली. दुसरं मला काय करता येत हुतं?

---

दुसऱ्या दिवशी शनवार. आप्पानं धुतलेला सदरा घातला. खिशाला दोन पेनं लावली, एक निळं, एक काळं. "कुणाला कुठलं लागंल काय सांगावं," म्हणला. मोटरसायकलवर मी त्याच्या मागं बसले तवा त्या दोन पेनांची टोपणं त्याच्या खांद्यावरनं मला दिसत हुती. रस्ताभर मी सांगू सांगू म्हणत हुते. होटगी आली.

इसूफभाईचं ऑनलाइन सेंटर टेसनाच्या रस्त्याला हाय. एक टेबल, एक कम्प्युटर, भिंतीवर पांढरा पडदा फोटोसाठी. आमच्या शिवारातल्या समद्यांचे दाखले, सातबारे, फॉर्म त्याच्याकडनंच निघतात. त्यानं आम्हाला बघितलं आणि खुर्ची सरकवली.

"आओ गुंडाचाचा. नीटचा ना? मला वाटलंच. कल लास्ट है."

त्यानं भरायला घेतलं. नाव, जन्मतारीख, जात, दहावी, बारावी. आप्पा मागं उभा. पडद्यावरचं इंग्रजी त्याला वाचता येत न्हाय, तरी एकेक ओळ बघत हुता. शेवटी इसूफभाई म्हणला, "बस, आता फोटो आणि सही राह्यली."

आप्पानं लगेच खिशातनं पेन काढलं. काळं बी काढलं. बाह्या सारल्या. "कुटं करायची?"

"काय?"

"सही."

"चाचा, तुमची सही नै लागत ह्यात. पोरीची लागते."

"आन दाखल्याला?"

"दाखला मागचाच चालतो की. तीन साल."

"त्यो रद्द झाला न्हवं? सही जुळंना म्हणून?"

इसूफभाईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं न्हाय. मला वाटतं त्याला तवाच गप बसावं असं सुचायला पायजे हुतं, पण त्यो कामाचा माणूस, कागदाला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत न्हाय. खटाखट बटणं दाबून त्यानं दाखला पडद्यावर आणला.

"कोन बोला रद्द? ये देखो. मंजूर. मी केलेला कागद हाय चाचा, माझा कागद रद्द नै होत. मागच्या बारीला मार्क कमी पडले तिला. पैल्या यादीला छत्तीस. तिसरी बी मीच काढून दिली की हिला, इथंच बसली हुती."

आप्पानं पेनाचं टोपण लावलं. पैल्यांदा लागलं न्हाय, वाकडं बसलं. परत काढलं, परत लावलं. दोन्ही पेनं खिशाला अडकवली. सगळं सावकाश केलं.

"बरं," म्हणला. "राहू दे मग आज."

"क्या हुआ? पाच मिन्टाचं काम हाय..."

आप्पा भाईर गेला हुता.

घरी आल्यावर गाडीवरनं उतरला, धुतलेला सदरा काढून खुंटीला लावला, कातर घेतली. राहिलेली अकरा मेंढरं हुती. मी पाय धरायला गेले. त्यानं नगं म्हणलं न्हाय, ये म्हणलं न्हाय. पाचव्या मेंढराला कातर लागली. आप्पाच्या हातनं जनावराला कातर लागलेली मी उभ्या जलमात बघितली न्हवती. बोटभर चामडी निघाली, लाल झालं.

"हळद आन," म्हणला.

मी हळद आणली. त्यानं तेलात कालवून जखमेवर दाबून धरली. मेंढरू थरथरत हुतं.

आव्वानं माझ्याकडं बघून हळूच इचारलं, "एनायतु गं? काय झालं?" आव्वा अक्कलकोटाकडची, काळजीत पडली की कन्नड बोलते. मी म्हणलं, "काय न्हाय." किती सोपं असतं ते दोन शब्द बोलणं. आप्पानं ऐकलं आणि फुडचं मेंढरू ओढलं. अकरा मेंढरं झाली, पण त्यो मधी एकदा बी उकिडवा बसला न्हाय. माती हुती तशीच सपाट राहिली.

---

ऐतवारी बारा वाजता देवळाफुडं पन्नासएक माणूस हुतं. ऊन मरणाचं. पुरुष लिंबाखाली, बायका भिंतीच्या सावलीला. हरिबा पुजारी पायरीवर बसला हुता, फुडं पितळी ताटात भंडाऱ्याचा ढीग. हरिबा कडक माणूस, पण वाईट न्हाय. माझ्या लहानपणी त्यो मला खोबरं द्यायचा.

"गुंडा, फुडं ये."

आप्पा गेला. पायताण काढलं, पटका नीट केला.

"उचल आन बोल. देवाला बकरा दिलास, काम झालं न्हाय. चूक कुणाची?"

परवापर्यंत आप्पानं हे हसत सांगितलं असतं. अख्ख्या मुलखाला सांगत हुताच. आता त्याचा हात ताटावर गेला आणि तिथंच राहिला. भंडाऱ्यापासनं चार बोटं वर. 'माजी' म्हणला असता तर खोटं हुतं, आणि आता ते त्याला ठावं हुतं. खरं बोलायचं तर माझं नाव घ्यायला लागलं असतं.

"बोल की दादा," जोतिरामकाका म्हणला. "रोज तर बोलत हुतास."

"हात का थांबला गा त्येचा?"

"काय तरी हाय लपवलेलं."

"बकरा तरी नवसाचाच हुता का चोरीचा?" कुणीतरी म्हणलं आणि लिंबाखाली माणसं हसली.

आप्पाच्या मानेवरनं घाम सदऱ्यात उतरत हुता. उचलत न्हाय, मागं घेत न्हाय. हरिबानं दुसऱ्यांदा इचारलं. तिसऱ्यांदा इचारलं. चौथ्यांदा इचारत न्हाईत आमच्यात, मग वाळीत टाकल्यागत करतात, लग्नाला बलावत न्हाईत, कळपाला कळप लावत न्हाईत.

मी आव्वाच्या मागं उभी हुते. आणि खरं सांगते, आता लपवून काय करायचंय. माझ्या मनात आलं, उचलंल त्यो. माझ्यासाठी उचलंल, खोटं बोलंल आणि हे समदं मिटंल. मी त्याची वाट बघत हुते. फोनवर 'लागलं' म्हणले त्याची लाज मला हाय, सहीवर लोटलं त्याची त्याहून जास्ती हाय. पण त्या भिंतीच्या सावलीत मी जी वाट बघितली, ती आठवली की आजबी माझे कान गरम हुतात.

मग आप्पानं मान वळवली. बायकांकडं न्हाय. आपल्या कळपाकडं. ओढ्याच्या काठाला आमची कातरलेली मेंढरं उभी हुती, उघडी, लहान दिसत हुती. आणि मला कळलं, ह्यो माणूस सांज हुईस्तोवर असाच उभा राहील. खोटं बी बोलणार न्हाय आणि माझं नाव बी घेणार न्हाय.

मी आव्वाच्या बाजूनं फुडं झाले.

"बाया पायरीखाली," हरिबा म्हणला.

मी पायरीखालीच राहिले. तिथनं हात लांब करून ओंजळीनं भंडारा उचलला. लई उचलला, मनगटावरनं खाली सांडला.

"आप्पाची सही चुकली न्हवती," मी म्हणलं. "सही बराबर हुती. माजे नऊ प्रश्न चुकले. नाव लागलंच न्हवतं. बकरा कापला तवा मला ठावं हुतं. ठावं असून मी तुमाला वाढलं."

लांब एक कोकरू ओरडत हुतं.

"आन सहीचं काय?" हरिबानं इचारलं.

"ते मी लावलं त्येच्यावर. इसूफभाईनं काल सांगितलं तवा त्येला कळलं."

"थू तुज्या," बायकांतनं एक म्हातारी म्हणली. आव्वानं तोंडावर पदर घेतला आणि खाली बसली. जोतिरामकाका, जो एरवी गप बसत न्हाय, त्यो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत हुता. फलकाचं त्याला आठवलं असावं. मी ओंजळ तशीच धरून उभी. ती कुठं ठेवायची ते मला कळंना.

हरिबानं माझ्या ओंजळीतलाच चिमटीभर भंडारा घेतला आणि माझ्या कपाळाला फासला, जोरात, नखं लागली. "मोकळं झालं," म्हणला. मग आप्पाला म्हणला, "गुंडा, आता दुसरा नवस बांधायचा असंल तर बांध. देव ऐकतोय."

समदी आप्पाकडं बघायला लागली. मी बी.

"न्हाय," आप्पा म्हणला.

"न्हाय?"

"देवाला न्हाय गुतवायचं आता ह्यात. हिचं हिनं बघावं."

पायताण घालून त्यो चालायला लागला. माणसांनी वाट दिली. कुणी त्याला हाक मारली न्हाय. मी उरलेला भंडारा ताटात टाकला आणि आव्वाजवळ गेले, तर तिनं माझ्याकडं न बघता हातानं पुढं ढकललं, जा म्हणून. लिंबापल्याड आप्पानं मोटरसायकल चालू केली हुती.

"बस," म्हणला.

मला वाटलं घरी. घराच्या वळणावर गाडी वळली न्हाय. होटगीचा रस्ता लागला तवा मला रडू आलं. रडण्याचा आवाज जाऊ नये म्हणून मी तोंड त्याच्या पाठीपासनं लांब धरलं.

---

इसूफभाईनं माझं कपाळ बघितलं, ओढणीवरचा पिवळा भंडारा बघितला, आप्पाकडं बघितलं आणि कम्प्युटर चालू केला. कालचा फॉर्म तसाच निघाला.

"फोटो पैले. मुँह धो लो बेटा."

मागं माठ हुता. तोंड धुतलं, कपाळ घासलं. हळद ती, घासून जाते व्हय? पसरली आणखी. इसूफभाईनं फोटो काढला, बघितला, म्हणला, "चलता. चेहरा दिसला बस."

मग त्यानं शाईचं पॅड काढलं. "आता अंगठे. दोन्ही हाताचे, आणि बोटं बी."

"डागदरांना बी अंगठा लागतो व्हय?" आप्पानं दारातनं इचारलं. गाडीवर बसल्यापासनंचं त्याचं पैलं वाक्य. इसूफभाईला इचारलं, मला न्हाय.

"सबको लगता है चाचा."

मी अंगठा दाबला. ज्या अंगठ्याची मला सातवीत लाज वाटायची, तसाच काळा गोल ठसा. आप्पा बघत हुता.

"सही," इसूफभाई म्हणला. कोरा कागद फुडं ठेवला. "काळ्या पेनानं. चौकटीच्या आत."

मी पेन धरलं. बोटं शाईनं काळी, तळवे पिवळे, आणि हात असा कापत हुता की पैलं अक्षरच दोन तुकड्यांत आलं. इसूफभाईनं दुसरा कागद दिला. त्यावर घामाचा थेंब पडला, शाई फुटली. तिसऱ्यावर आडनाव चौकटीच्या भाईर गेलं. "टाईम है, टाईम है," इसूफभाई म्हणत हुता. मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, न्हाय हुयाचं हे, मी ह्या लायकीचीच न्हाय.

आप्पा दारातनं आत आला. खिशाचं काळं पेन काढलं, टोपण उघडलं, माझ्या हातात दिलं. वाकला.

"कोपर टेकव," म्हणला. "वर धरलं की कापतंय. हां. आवळू नगं येवढं. दम सोड आदी सगळा, मग सुरू कर. आन मदी पेन उचलायचं न्हाय, उचललं की तितं मोडती."

चार महिन्यांत त्याला जे जे कळलं हुतं ते त्यानं मला सांगितलं. मी कोपर टेकवलं. दम सोडला. पेन न उचलता लिहिलं, सोनाली गुंडा मासाळ.

आप्पानं कागद उचलून उजेडाला धरला आणि मातीतली सही बघायचा तसा लई येळ बघितला. मग इसूफभाईच्या हातात दिला.

"परीक्षेला बी हीच करायची," मला म्हणला. "न्हाय जुळली तर रद्द करत्यात."

त्यो टोमणा हुता का शिकवण, ते मला त्याच्या तोंडावरनं कळलं न्हाय. मी मान खाली घालून व्हय म्हणलं.